‘ह्यो गाव खंयचो?’

पत्र थोडक्यात : मी सव्वीस वर्षांचा आहे. मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या एका किनाऱ्यावरच्या गावात राहतो, लग्नांचं शूटिंग करतो. वडील रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून दोर ओढून जाळं बाहेर काढायच्या मासेमारीत आहेत. मागच्या थंडीत मी रापणीवर २२ मिनिटांची फिल्म केली. बाबांची रोजची होडी फायबरची, इंजिनाची. ती डोळ्यांना बरी दिसेना म्हणून शेजाऱ्यांची पडून असलेली लाकडी होडी डागडुजी करून पाण्यात घातली. निळे क्रेट, थर्माकोलचे खोके फ्रेमबाहेर ठेवले. मित्राचा ड्रोन वापरला. तीन महोत्सवांनी फिल्म नाकारली. एकाने कळवलं, ‘दृश्यं सुंदर, पण संथ.’ आता मुंबईचे काका चार लाख घालायला तयार आहेत, पण त्यांना भुताची फिल्म हवी आहे आणि मला त्यात कमीपणा वाटतो. दुसरा मार्ग म्हणजे तीन लाखांचं कर्ज काढून चांगला कॅमेरा घ्यायचा आणि हीच फिल्म पुन्हा करायची. तिसरा, सगळं सोडून पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटची तयारी करायची. काय करू? ता. क. बाबांनी फिल्म पाहिली. म्हणाले, ‘बरा आसा. पण ह्यो गाव खंयचो?’

*

प्रिय मित्र,

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही शेवटी, ता. क. म्हणून टाकलंय. मालवणी न कळणाऱ्या वाचकांसाठी सांगते : बाबा म्हणाले, ‘चांगलं आहे, पण हे गाव कुठलं?’ ज्या किनाऱ्यावर जन्मभर दोर ओढला तो किनारा त्यांना पडद्यावर ओळखू आला नाही. महोत्सवांच्या निवड समित्यांना जे नेमकं सांगता आलं नाही, ते त्यांनी तीन शब्दांत सांगितलं. तुम्हाला वाईट वाटलं हे मी समजू शकते. पण माझं ऐकाल तर कॅमेरा, काका आणि पुणे हे तिन्ही प्रश्न थोडे बाजूला ठेवा आणि आधी या प्रश्नाचं उत्तर शोधा. बाकीच्यांची उत्तरं त्यातूनच निघतील.

तुम्ही पाठवलेली फिल्म मी दोनदा पाहिली. दुसऱ्यांदा वही घेऊन बसले. २२ मिनिटांत ड्रोनचे १४ शॉट आहेत. सूर्यास्त पाच. माड खालून वर, माड वरून खाली. लाकडी होडी सोनेरी पाण्यावर, तिच्यात तुमचे बाबा, काळी आकृती होऊन. हे सगळं देखणं आहे यात शंका नाही. पण हेच सगळं रिसॉर्टच्या जाहिरातीत असतं, ‘येवा, कोकण आपलाच आसा’च्या पोस्टरवर असतं, मे महिन्यात चार दिवस येऊन जाणाऱ्यांच्या मोबाइलमध्ये असतं. तुम्ही त्या गावात जन्मलात आणि फिल्म मात्र पाहुण्याच्या डोळ्यांनी केलीत. निळा क्रेट पाहुण्याला खुपतो. तुमच्या घरात त्या क्रेटवर बसून कुणीतरी चहा पीत असेल.

आणि तरीही १७व्या मिनिटाला एक शॉट आहे, जेमतेम नऊ सेकंदांचा. दोर ओढायला उभं राहण्याआधी बाबा कमरेला किंतानाचा एक तुकडा गुंडाळतात, म्हणजे दोर काचणार नाही. तुकडा जुना आहे, मधोमध घासून पातळ झालाय. ते तो दोनदा उलटतात आणि जाड बाजू कातडीकडे घेतात. तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं, ते मान वळवतात, आणि फ्रेमच्या कोपऱ्यात निळ्या क्रेटची कड दिसते. तो क्रेट काढायचा तुमच्याकडून राहून गेला असणार. माझ्या मते तुमची फिल्म त्या नऊ सेकंदांत आहे.

रॉबर्ट फ्लाहर्टी हे नाव तुम्ही ऐकलं असेल. माहितीपटाचा इतिहास सांगताना त्यांच्यापासून सुरुवात करतात. १९३४ साली त्यांनी आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या अरन बेटांवर, दर्यावर जगणाऱ्या माणसांची फिल्म केली, ‘मॅन ऑफ अरन’. लहानशा होडीतून माणसं अवाढव्य शार्कची शिकार करतात असं त्यात आहे. ती शिकार बेटावर कधीच बंद पडली होती. फ्लाहर्टींनी बेटकऱ्यांना ती नव्याने शिकायला लावली. पडद्यावर दिसणारं आई-बाप-मुलाचं कुटुंबही खरं कुटुंब नव्हतं, चेहरे बघून निवडलेलं होतं. लाटांचे ते शॉट आजही पाहताना छातीत धडधडतं. पण १९३४ साली तिथली माणसं कशी जगत होती, कशासाठी झगडत होती, ते त्यात फारसं सापडत नाही. तुमच्या लाकडी होडीने नेमकं हेच केलंय. तुमच्या बाबांची खरी लढाई फायबरच्या होडीतून, इंजिनाच्या तेलाच्या हिशेबाने आणि पर्ससीनवाल्यांनी, म्हणजे मोठ्या यांत्रिक नौकांतून प्रचंड जाळी टाकणाऱ्यांनी, मासळी आधीच उचलून नेल्यावर उरलेल्या समुद्रात चालू आहे. ती तुम्ही फ्रेमबाहेर ठेवलीत.

मात्र यावरून ‘मांडणी करणं म्हणजे खोटेपणा’ असा अर्थ काढू नका. अब्बास किआरोस्तामींचा ‘मित्राचं घर कुठं आहे?’ हा १९८७चा इराणी सिनेमा मिळवून पाहा. वर्गमित्राची वही चुकून आपल्याकडे आली, ती आजच परत द्यायला हवी, नाहीतर उद्या त्याला शाळेतून काढतील, म्हणून एक पोरगा शेजारच्या गावी धावत सुटतो. एवढीच गोष्ट. तो ज्या टेकडीवरून धावतो तिच्यावर नागमोडी पायवाट आहे आणि माथ्यावर एकच झाड. ती वाट किआरोस्तामींनी मुद्दाम तयार करून घेतली होती. तीही बनावटच. पण ती वाट त्या पोराच्या जिवाची घालमेल डोळ्यांसमोर आणते. तुमची लाकडी होडी कुणाच्या जिवाचं काय दाखवते? मी दोनदा पाहून शोधलं, मला सापडलं नाही. ती फक्त छान दिसते. म्हणून फ्रेममधली वस्तू काढताना किंवा ठेवताना ‘हे बरं दिसतं का’ एवढ्यावर थांबू नका. हे काढल्यावर माझ्या माणसाचं काय हरवतं, हेही विचारा.

आता कॅमेरा कुठे उभा करायचा त्याबद्दल, कारण मला वाटतं तुमची खरी अडचण तिथे आहे.

रापण मी लहानपणापासून पाहिलीय. होडी जाळं सोडत अर्धगोल फिरून येते, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात आणि दोन बाजूंनी माणसं ओढायला लागतात. ओढताना त्यांची तोंडं समुद्राकडे असतात; ती मागे मागे, माडांच्या दिशेने सरकतात. तुमचा कॅमेरा सगळ्या फिल्मभर माडांच्या बाजूला उभा आहे. म्हणून आम्हाला पाठी दिसतात, पाठींच्या पलीकडे समुद्र दिसतो आणि समुद्रावर मावळता सूर्य. चेहरा त्या समुद्राला दिसतोय, आम्हाला नाही. तुम्ही फक्त पन्नास पावलं चालून पाण्यात उतरा आणि वळून उभे राहा. आपला समुद्र पश्चिमेला. संध्याकाळी पाचनंतरचं ऊन समुद्रावरून तिरपं येतं आणि ओढणाऱ्यांच्या चेहऱ्यांवर थेट पडतं : ताणलेल्या शिरा, मिठाने पांढुरलेल्या भुवया, जाळं जड लागतंय की हलकं याचा अंदाज घेणारे डोळे. जो सूर्य तुम्ही पाच वेळा दाखवलात तोच दिव्यासारखा वापरता येतो, तोही फुकट. गुडघाभर पाणी पुरे. फोन गळ्यात अडकवा, गोड्या पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं खिशात ठेवा, दर थोड्या वेळाने भिंग पुसा. खाऱ्या वाऱ्याची साय धरते आणि चित्र दुधाळ होतं.

कॅमेऱ्याची उंची हा असाच एक प्रश्न. लग्नाचं शूटिंग करणाऱ्यांचा कॅमेरा नेहमी उभ्या माणसाच्या डोळ्यांपाशी असतो, सवयीने. माझं पहिलं काम मी आजीवर केलं होतं. ती ओटीवर बसून आठळ्या सोलायची, आणि मी उभी राहून तिचं शूटिंग केलं. घरी येऊन पाहिलं तर पडद्यावर एक लहानशी, वाकलेली, दीनवाणी म्हातारी होती. माझी आजी तशी नव्हती. सगळ्या घराला धाकात ठेवणारी बाई होती ती. दुसऱ्या दिवशी मी जमिनीवर बसून, कॅमेरा मांडीवर घेऊन तेच पुन्हा टिपलं. तिचं डोकं फ्रेममध्ये वर गेलं, मागे दाराची चौकट आली, आणि आजी आजीसारखी दिसली. पुढे यासुजिरो ओझूंचे सिनेमे पाहिले तेव्हा कळलं की या जपानी दिग्दर्शकाने आपला कॅमेरा जवळपास आयुष्यभर असाच खाली ठेवला, चटईवर बसलेल्या माणसाच्या नजरेपाशी, कधी त्याहूनही खाली. १९५३चा ‘टोकियो स्टोरी’ पाहा. जमिनीवर बसून जगणाऱ्या घरात कॅमेराही बसलेला. तुमच्या आईच्या प्रसंगात, ती मासळीचे वाटे लावते तेव्हा, तुम्ही उभे आहात. बसा.

‘संथ’ या शेऱ्याचं काय करायचं? तो शेरा देणाऱ्यांना बहुधा ‘रिकामं’ म्हणायचं होतं. शॉट लांब असला म्हणून कंटाळा येत नाही. शॉट चालू असताना आत काहीच बदलत नसेल, किंवा काही बदलणार आहे अशी उत्सुकताच लागली नसेल, तर मात्र चार सेकंदही लांब वाटतात. तुमच्याकडे तर जगातली सगळ्यात सोपी उत्कंठा आहे : जाळ्यात काय असेल? दोर तासन्‌तास ओढला जातो आणि शेवटपर्यंत कुणालाच ठाऊक नसतं. बांगडा? नुसते पेडवे? की प्लास्टिक? तुम्ही ते जाळं सहाव्या मिनिटालाच उघडून दाखवलंत, तेही ड्रोनने, वरून, जिथून मासा कुठला ते कळतच नाही. उरलेली १६ मिनिटं बघणाऱ्याने कशासाठी थांबायचं? जाळं शेवटाकडे न्या. आणि ते दाखवण्याआधी ओढणाऱ्यांचे चेहरे दाखवा, कारण त्यांना हाताला लागणाऱ्या वजनावरून आपल्याआधी कळलेलं असतं. असं केलंत तर तीन मिनिटांचा न कापलेला शॉटही कुणाला संथ वाटणार नाही.

आवाज. इथे मी जरा कडक बोलणार आहे, कारण माझा सगळा व्यवसाय संकलनाचा आणि कोकणातून आलेल्या प्रत्येक फिल्मच्या आवाजाने मी हैराण होते. तुमच्या फिल्मभर सतार आणि बासरी आहे. ती काढून टाका. १९३७ साली, बोलपटाला आपल्याकडे जेमतेम सहा वर्षं झाली असताना, व्ही. शांताराम यांनी ‘कुंकू’ केला आणि त्यात पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. घरातले, रस्त्यावरचे खरे आवाज वापरले. प्रभातसारखी संगीताने श्रीमंत कंपनी हाताशी असताना! तुमच्या किनाऱ्यावर काय काय वाजतं ते आठवा. दोर ओढतानाची लय, ओल्या वाळूत रुतणाऱ्या टाचा, जाळं जवळ येताच वाढणारा गलका, पाटीत पडणाऱ्या मासळीचा थपथप आवाज, लिलावातली बाचाबाची.

समुद्राचा आवाज फसवा असतो. प्रत्यक्षात कान त्याला सरावतात, माइक सरावत नाही. शिवाय प्रत्येक शॉटमध्ये लाट वेगळ्या ठिकाणी असते, त्यामुळे कापलं की आवाजाला ठेच लागते. त्यावर उपाय एकच : शूटिंग आटोपलं की सगळ्यांना गप्प करा आणि त्याच जागेवर सलग पाच मिनिटं नुसता समुद्र रेकॉर्ड करा. तो सगळ्या प्रसंगाखाली अंथरला की कापलेलं कळत नाही. बोलण्यासाठी कॉलरला लावायचा साधा वायरवाला माइक आणा, तो सदऱ्याच्या आत लावा, त्यावर कापसाचा बोळा ठेवा, आणि वायर बाबांच्या खिशातल्या दुसऱ्या फोनला जोडा. याला कर्ज लागत नाही.

कर्जाचं तिथेच मिटवू. मी नको म्हणेन. दादासाहेब फाळक्यांनी विम्याच्या पॉलिसीवर पैसे उचलले, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, ही गोष्ट आपण सगळे अभिमानाने सांगतो आणि तिच्या जोरावर घरातलं सोनं बाहेर काढतो. पण त्या गोष्टीतला वाटाणा विसरतो. १९१२मध्ये फाळक्यांना भांडवल हवं होतं, तेव्हा त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडी थोडी करत एकेक चौकट टिपली. रोप उगवून वाढतंय हे पडद्यावर क्षणात दिसलं, पाहणाऱ्याची खात्री पटली आणि पैसा उभा राहिला. ‘राजा हरिश्चंद्र’ त्यानंतरचा, १९१३चा. आधी वाटाणा, मग दागिने. तुमचा वाटाणा अजून उगवायचाय. तीन लाखांचा कॅमेरा त्याच माडांच्या बाजूला उभा राहिला तर अधिक स्वच्छ पाठी दिसतील, एवढंच. फारच गरज पडली तर चार दिवसांसाठी भाड्याने आणा. कोल्हापूर, गोवा, मुंबई, कुठूनही मिळतो. आणि खाऱ्या हवेत इलेक्ट्रॉनिक वस्तूंचं काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता काका आणि त्यांचं भूत. तुम्ही लिहिलंय की भुताची फिल्म करणं म्हणजे स्वतःला विकणं. ही समजूत मला पटत नाही. प्रकार, मग तो भयपट असो, विनोदी असो की प्रेमकथा, हा प्रेक्षकाशी केलेला एक करार असतो : मी तुला अमुक वाटायला लावीन, तू दीड तास माझ्यावर विश्वास ठेव. करार पाळण्यात कमीपणा कसला? उलट भयपटासारखी कडक शाळा नाही. तिथे शॉट फसला की प्रेक्षक हसतो, लगेच कळतं.

आणि ही शाळा गरिबांची आहे. १९४२चा ‘कॅट पीपल’ निर्माते व्हॅल ल्युटन यांनी अगदी कमी पैशांत केला. राक्षस दाखवायला पैसे नव्हते, म्हणून दिग्दर्शक जाक तुर्नर यांनी अंधार आणि आवाज वापरला. एक बाई रात्री एकटी रस्त्याने चालली आहे, मागून पावलं वाजतायत, मग पावलं थांबतात. पुढे काय घडतं ते सांगत नाही, पाहा. ‘जॉज’ तर समुद्राचाच सिनेमा. त्यातला यांत्रिक शार्क खऱ्या खाऱ्या पाण्यात सारखा बिघडायचा. ५५ दिवसांचं शूटिंग १५९ दिवसांवर गेलं. शार्क हाताशी नाही म्हणून दिग्दर्शक स्पिलबर्ग यांनी पाण्यावर ओढली जाणारी पिंपं दाखवली, पाण्याखालून पोहणाऱ्यांच्या पायांकडे जाणारी नजर दाखवली आणि संगीताचे दोन सूर वाजवले. न दिसणाऱ्या शार्कने लोकांना घाबरवलं. तुमच्या काकांना पडद्यावर मोकळ्या केसांची, पांढऱ्या साडीतली हडळ हवी असेल. त्यांना ‘जॉज’ची ही हकिकत सांगा. चार लाखांत जी हडळ बनेल ती न दाखवलेलीच बरी.

पण मला तुम्हाला खरा दाखवायचाय तो ‘उगेत्सु’. जपानी दिग्दर्शक केंजी मिझोगुची, १९५३. शेवटाकडे एक कुंभार फार दिवसांनी, बायकोला मागे सोडून गेल्याच्या पश्चात्तापाने घरी परततो. घर ओसाड, चूल थंड. तो हाका मारत आतून फिरतो, मागल्या दाराने बाहेर जातो, घराला वळसा घालतो. कॅमेरा न कापता त्याच्याबरोबर वळतो आणि पुन्हा आतल्या खोलीत येतो, तर चुलीत विस्तव आहे आणि बायको बसली आहे. क्षणापूर्वी तिथे कुणी नव्हतं. ती त्याला जेवू घालते, मुलाला पांघरूण घालते, रात्रभर जागते. सकाळी कळतं की ती केव्हाच गेली. हा भुताचा सिनेमा आहे आणि घर सोडून पैशांमागे जाणाऱ्या माणसाचाही. या दोघांत निवड करावी लागते असं मिझोगुचींना वाटलं नाही. चाकरमान्यांच्या आणि त्यांच्या बंद घरांच्या मुलखात राहणाऱ्या तुम्हाला ही गोष्ट परकी वाटू नये.

आपल्याकडचं भय मुळात वेगळ्या जातीचं आहे, हे काकांना समजावून सांगा. आपल्या गावात अदृश्याशी बोलणं चालतं. गाव राखणारे, न दिसणारे राखणदार आणि देवचार आहेत. त्यांच्या हद्दी ठरलेल्या, मान ठरलेले. गाऱ्हाणं घालताना एक माणूस अडचण मांडतो आणि बाकीचे ‘होय म्हाराजा’ म्हणतात, जणू समोर कुणी ऐकतोय. अंधारातून अंगावर येणारं काही त्यात नसतं. दिलेला शब्द मोडला तर काय, ही धास्ती असते. विकलेली जमीन, चुकवलेला मान, पंधरा वर्षं न उघडलेलं घर. ज्याला कुणी गाऱ्हाणं घालत नाही तो राखणदार काय करत असेल? हा प्रश्न मला तुमच्या पत्रानंतर दोन रात्री छळतोय. असं भूत शोधलंत तर काकांची फिल्म आणि तुमची फिल्म वेगळी राहणार नाही.

पैशांचं मात्र कागदावर घ्या, काका असले तरी, काका आहेत म्हणूनच. रक्कम किती हप्त्यांत, शेवटची कापाकाप कोण ठरवणार, फिल्म विकली गेली तर वाटा कसा, नाही गेली तर परतफेड आहे की नाही. साधा एक पानभर मजकूर, दोघांच्या सह्या. गणपतीत एकाच पंगतीला बसायचं आहे तुम्हाला. आणि चार लाख एकदम घेऊ नका. आधी पाच मिनिटांचा एक प्रसंग तुमच्या खर्चाने करून त्यांना दाखवा. तो त्यांना रुचला नाही तर हात जोडून बाजूला व्हा.

तुमच्या पत्रात एका ओळीत भाषेचाही प्रश्न आहे : मालवणी ठेवू की प्रमाण मराठी? मालवणी ठेवा, पडद्यावर खाली भाषांतराची अक्षरं द्या. इटालियन दिग्दर्शक लुकिनो विस्कॉन्ती यांनी १९४८ साली सिसिलीतल्या आची त्रेझा गावच्या कोळ्यांना घेऊन ‘ला तेर्रा त्रेमा’ केला. कोळी स्वतःच नट, बोलणं त्यांच्या बोलीत, संवादही त्यांच्याशी बोलून ठरवलेले. बाकीच्या इटलीला ती बोली कळेना, म्हणून इटालियनमधून निवेदन जोडावं लागलं. सिनेमा तेव्हा चालला नाही हेही खरं. पण मासळीचा भाव पाडणाऱ्या व्यापाऱ्यांवर त्यातला पोरगा चिडतो तेव्हा तो राग लिहून दिलेला वाटत नाही.

तुमच्याकडे यासाठी तयार माणसं आहेत. दशावतारातली, आपल्या कोकणच्या लोकनाट्यातली. लिहिलेली संहिता नसताना, नुसतं कथानक ठरवून, ही मंडळी रात्रभर संवाद रचतात, आणि एक बाकडं कधी सिंहासन होतं तर कधी डोंगर. त्यांच्या हातात छापील संवाद देऊ नका. प्रसंग सांगा, तुम्हाला काय हवंय ते सांगा, काय नको तेही सांगा, आणि बोलू द्या. अडचण एकच : त्यांचा आवाज आणि हातवारे जत्रेतल्या शेवटच्या माणसासाठी घडलेले असतात. कॅमेरा दोन हातांवर असतो. त्यासाठी एक युक्ती मी वापरली आहे. नटाला हाताला काम द्यायचं, जाळं शिवणं, सुपारी कातरणं, आणि मग बोलायला लावायचं. हात गुंतले की आवाज आपोआप खाली येतो.

पुण्याबद्दल थोडक्यात. फिल्म इन्स्टिट्यूट १९६० साली प्रभातच्याच जुन्या आवारात सुरू झाली, बाजूला फिल्म अर्काइव्ह आहे, आणि तिथे जाण्याची इच्छा असणं चांगलंच आहे. प्रवेशपरीक्षा जरूर द्या. फक्त ‘इथे काही होत नाही म्हणून तिथे’ असं मनात धरून जाऊ नका. तिथेही तुम्हाला पहिल्या दिवसापासून विचारतील की तुझ्याकडे सांगायला काय आहे. आणि लग्नाच्या कामाला नावं ठेवणं थांबवा. पाठवणीच्या वेळी रडू कुणाला आधी फुटणार, आईला की थोरल्या भावाला, हे ओळखून तुम्ही आधीच तिकडे वळलेले असता. रीटेक नसताना. ते काम तुम्हाला जमतं, म्हणून तर किंतानाचे नऊ सेकंद मिळाले.

असंच पत्र मला याआधी देवगडहून आलं होतं, आंब्याच्या बागेवर फिल्म करणाऱ्या मुलीचं, आणि श्रीवर्धनहून एका शिक्षकांचं. तिघांच्या फिल्ममध्ये गडी, गुरं, माड, लाटा आहेत आणि तिघांच्याही फिल्ममध्ये घरातली अडचणीची वस्तू गायब आहे. तिकडे ती फवारणीचा पंप होती आणि शाळेची गळकी पत्र्याची शेड. तुम्हा तिघांनाही मी एकच काम देते : ज्या वस्तू फ्रेमबाहेर सरकवल्या त्यांची यादी करा आणि त्यांतल्या एकीवर पाच मिनिटांची फिल्म करा.

आता पाऊस तोंडावर आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना बंदी, आणि समुद्र खवळला की रापणही बंद. हे दिवस फुकट घालवू नका. मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या छपरात, जाळी शिवायला माणसं बसतील तेव्हा दारातून येणारा पावसाळी उजेड बघा, मऊ, सावली न पाडणारा. कमी पडला तर समोरच्या बाजूला पांढरी चादर ताणा आणि उजेड तिच्यावरून परतू द्या. सत्यजित राय यांचे छायालेखक सुब्रत मित्र यांनी ‘अपराजितो’साठी, स्टुडिओत उभारलेल्या काशीच्या घराच्या चौकात, वर कापड ताणून त्यावरून दिव्यांचा उजेड परतवला होता. त्याआधी ‘पथेर पांचाली’च्या वेळी ते २१ वर्षांचे होते आणि सिनेमाचा कॅमेरा त्यांनी कधी चालवला नव्हता. त्याच सिनेमात काशफुलांच्या माळावरचा प्रसंग अर्धा टिपून आठवड्याने सगळे परत गेले, तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली. राय पुढच्या वर्षीची फुलं येईपर्यंत थांबले. तुम्हाला तर नारळी पौर्णिमेपर्यंतच थांबायचंय.

तोवर एक दुपार बाबांजवळ बसा. कॅमेरा नको, फोनवर नुसता आवाज चालू ठेवा. किंतानाचा तो तुकडा कुठून आला, किती वर्षांचा आहे, आधी कुणाच्या कमरेला होता, ते विचारा. रापण पुन्हा लागली की फायबरच्या होडीसकट, क्रेटसकट, पाण्यात उभे राहून तो दिवस टिपा. फिल्म झाली की मला पाठवायच्या आधी ओटीवर बाबांना दाखवा, आणि ते जे म्हणतील ते मला जसंच्या तसं, मालवणीत लिहून कळवा.